पाणथळीचं गवत

१

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५. पहाटे दाट धुकं, सातनंतर कडक ऊन. पावसाने आठवडाभर तोंड दाखवलेलं नाही.

सुदाम गोठ्यात गेला तेव्हा गायीपुढे गवत आधीच पडलेलं होतं.

एरवी हे काम त्याचं. तलासरीच्या पूर्वेला डोंगर सुरू होतात तिथे त्याचा पाडा, आणि पाड्याच्या शेवटाला त्याचं घर. गोठ्यात तीन जनावरं. दोन बैल त्याचे स्वतःचे आणि काबरी गाय बहिणीची. बहीण सुकी नवरा गेल्यापासून डहाणूजवळ मसोलीला खोली घेऊन राहायची आणि फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायची. चार वर्षं पोटाला चिमटा काढून तिने ही गाय घेतली आणि भावाकडे अर्धेलीने ठेवली. म्हणजे पहिलं वासरू सुदामचं, दुसरं सुकीचं. पहिलं सुदामने विकलं होतं. गाय आता दुसऱ्यांदा गाभण होती. वासरू झालं की दोघांना घेऊन जायचं आणि मसोलीत दूध घालायचं, फुग्यांच्या रबराचा वास कायमचा सोडायचा, असं सुकीने ठरवून टाकलं होतं.

अर्धेलीचा त्यांच्याकडे एकच नेम आहे, आणि तो कोणाला सांगावा लागत नाही. आपलं जनावर आणि दुसऱ्याचं जनावर एकाच ढिगातलं खाणार.

सुदामने तो नेम श्रावणातच मोडला होता. बैलांना तो माळावरचं गवत आणायचा. त्यासाठी चढ चढावा लागे आणि त्याचा गुडघा दुखे. दोन भारे आणणं व्हायचं, तिसरा व्हायचा नाही. मग गायीसाठी तो घरामागच्या पाणथळीत उतरू लागला. तिथलं गवत कमरेइतकं उंच आणि लुसलुशीत. पाण्याखाली हात घालून कापलं की खालचा पांढरा दांडाही यायचा आणि गाय तो आधी खायची. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस होईपर्यंत पाणथळीत विळा घालायचा नाही, असं सुदामची आई सांगायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. सुदाम भारा मागच्या कुडाकडून आणायचा, म्हणजे तो कोणाच्या नजरेला पडू नये.

आज तो अजून गेलाच नव्हता, आणि गवत मात्र आलं होतं. ओलं, पाणी निथळणारं, खाली पांढरे दांडे. सगळे एका रेषेत कापलेले.

कुडात खोचलेला विळा त्याने काढून पाहिला. पातं ओलं होतं.

बुधी गेली असणार, तो मनाशी म्हणाला. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. त्याने दारातून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. तू गेली होतीस का, एवढंच विचारायचं होतं. पण कुठे, ते त्यात आलंच असतं. त्याने विचारलं नाही. तिनेही भाकरी उलटली आणि तोंड धुराकडे वळवलं.

२

पायांना खाज त्याच आठवड्यात सुरू झाली.

पोटऱ्यांवर बारीक लाल पुटकुळ्या. सावलीत त्यांची आठवण राहत नसे. ऊन वर आलं की मात्र आतून कोणीतरी सुई टोचत असल्यासारखं व्हायचं. सुदाम ओट्याच्या कडेला पाय घासत बसायचा. या वयात खरजेसारखं काही अंगावर यावं, याची त्याला लाज वाटायची. अर्धी चड्डी सोडून तो लांब पँट घालू लागला.

शेजारचा लाहू रस्त्याने जाताना थांबला. त्याची जीभ पहिल्यापासून तिखट.

"काय रं सुदाम, तारप्याच्या नाचाला अजून वेळ हाय. पाय आत्तापासून नाचतात काय?"

"मुंग्या हाईत ओट्यावर."

"मुंग्या बऱ्या तुझ्याच ओट्यावर येतात. वहिनी साखर सांडते वाटतं!"

लाहू हसत पुढे गेला. तो गेल्यावर सुदामच्या लक्षात आलं की लाहूनेही लांब पँट घातली होती. घोट्यापर्यंत. एवढ्या उन्हात. जन्मात कधी लाहू गुडघ्याच्या खाली कपडा घालून शेतात गेला नव्हता.

लग्नाला जात असेल कुठे, सुदाम म्हणाला. भाद्रपदात लग्न नसतं, हे त्याला नंतर आठवलं.

३

महिन्याच्या शेवटी गायीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. बोटाने दाबली की खड्डा पडायचा आणि सावकाश भरायचा. सुदामने फोन केला. गुरांच्या दवाखान्यातून दक्षा आली. डहाणूची मुलगी, स्कूटीवरून डोंगरात फिरायची. डोक्याला रुमाल, पायात गमबूट.

तिने गायीच्या पापण्या उलटून पाहिल्या. आत लाली नव्हतीच, जुन्या कागदासारखा रंग.

"मामा, गवत कुठलं घालता हिला?"

"माळावरचं."

"नक्की? पाणथळीतलं नाही ना?"

"माळावरचं. बैलांना तेच, हिला तेच. अर्धेलीची गाय हाय, बाय. तिला वेगळं कसं घालू?"

दक्षाने मान हलवली. मग ती गव्हाणीशी वाकली आणि लाकडाला चिकटलेलं काहीतरी तिने नखाने सोडवलं. बोराच्या बीएवढी तपकिरी गोगलगाय, पाण्यातली.

"हे माळावर नसतं."

"बादलीतून आली असंल."

बुधीकडून तिने काचेचा ग्लास मागून घेतला, त्यात पाणी ओतलं, गोगलगाय सोडली आणि ग्लास अंगणात उन्हात ठेवला. चहा होईपर्यंत सगळे इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग दक्षा म्हणाली, "आता बघा."

सुदाम ओणवा झाला. गोगलगायीच्या तोंडाशी पाणी गढूळ झाल्यासारखं वाटलं. मग त्याला दिसलं की तो गढूळपणा हलतोय. पांढरे बारीक कण, प्रत्येकाला शेपटी, शेपटी झटकत सगळे उन्हाच्या बाजूच्या काचेकडे निघालेले. आणि मागून अजून येतच होते.

"शेणातून अंडं पाण्यात जातं," दक्षा म्हणाली. "अंड्यातून एक किडा निघतो. तो या गोगलगायीत शिरतो आणि आत एकाचे शेकडो होतात. चांगलं ऊन पडलं की बाहेर. गवतापर्यंत पोहत जायचं, शेपटी टाकून द्यायची, दांड्याला चिकटून वाट बघायची. गाय गवत खाते. मग तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, जाऊन बसतात, मोठे होतात, अंडी घालतात. पुन्हा शेण, पुन्हा पाणी."

"आणि ही?" सुदामने ग्लासाकडे बोट केलं. "हिला कळत नाय?"

"हिच्या आत हिचं असं फारसं उरतच नाही, मामा. अंडी घालायचं बंद होतं. उलट अंगाने फुगते, मोठी होते. चरते, चालते, पण खाल्लेलं सगळं त्यांच्यासाठी."

"मग चालते ती कोणाच्या मर्जीनं?"

दक्षा हसली. "ते तिला विचारा."

बुधी चहाचे कप घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिने साडीचा काठ पायावर खाली ओढला.

"माणसाला होतं काय हे?" सुदामने विचारलं.

"हे असं नाही. दुसरी एक जात आहे, ती पाण्यात उभं राहिलं की पायाला टोचते. खाज येते, पण आत जाऊन मरते. का? तुम्हाला येते का खाज?"

"नाय."

तिने औषध पाजलं, वासराला धक्का लागणार नाही असं सांगितलं. निघताना स्कूटीवर बसून म्हणाली, "गाय वाचेल मामा. पण कोरडं गवत पाहिजे. पाणथळीतली एक पेंढी जरी पोटात जात असेल ना, तर माझं औषध फुकट. खरं ते सांगा, मी कुठे कोणाला सांगायला जाते?"

"माळावरचंच," सुदाम म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना ते सोपं गेलं.

४

दुसऱ्या दिवसापासून त्याने मनाशी पक्कं केलं. गुडघ्याला फडकं बांधून तो माळावर गेला आणि तिसरा भारा आणला. विळा भाताच्या कणगीत खुपसून ठेवला. आता कोणी उतरायचं नाही.

सकाळी गायीपुढे पाणथळीचं गवत होतं. कणगीतल्या विळ्याला ओलं भात चिकटलं होतं.

त्याने ते गवत उचलून उकिरड्यावर टाकलं. गाय दावं ताणून त्या दिशेला पाहत राहिली. माळावरच्या भाऱ्याला तिने तोंड लावलं नाही. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी गवत टाकायला तो उठला आणि टाकलं नाही. मुकं जनावर उपाशी मारायचं का, तो मनाशी म्हणाला. कारण बरं होतं. फक्त ते त्याच्याआधीच कोणीतरी तयार करून ठेवल्यासारखं वाटलं.

आणि मग एका सकाळी तो ओट्यावर पाय घासत होता, आणि पुढच्या क्षणी पाणथळीत उभा होता.

मधलं काही नव्हतं. ना बांध उतरल्याचं, ना चिखलात पाय रुतल्याचं. सूर्य नुकता डोंगरावर आला होता आणि त्याचं तोंड बरोबर सूर्याकडे होतं. पाणी पोटरीपर्यंत. खाज अजिबात नव्हती. इतकं बरं वाटत होतं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सवय, तो म्हणाला. दोन महिने रोज इथे येतोय, पायांना वाट पाठ झाली. बैल नाही का रिकामी गाडी घेऊन घरी येत?

त्याने खाली पाहिलं. पोटऱ्यांभोवतीचं पाणी पांढुरकं झालं होतं, तांदूळ धुतल्यावर होतं तसं. चिखल ढवळला असेल. तो न हलता उभा राहिला, चिखल खाली बसावा म्हणून. तो बसला नाही. कडेकडेने पसरत गवताच्या दांड्यांकडे निघाला.

सुदाम धडपडत बाहेर आला. बांधावर बसून त्याने पँट पिळली. हे दक्षाला सांगायला हवं, फोन करायला हवा. पण काय सांगणार? पन्नाशीचा माणूस, उन्हाला तोंड करून पाण्यात उभा राहतो आणि त्याला बरं वाटतं. पहिलं वाक्य जुळवतानाच त्याचे कान तापले. आणि त्या वाक्याच्या मागे गवताचं वाक्य होतं, त्याच्या मागे बहिणीचं.

मागच्या कुडाकडून तो घरात शिरला.

५

घरामागे बुधीची साडी वाळत होती. रोज पुढच्या अंगणात वाळायची, आज मागे. काठाला गुडघ्याइतका ओलावा.

"साडी कशानं भिजली?"

"दवानं."

"एवढं दव?"

बुधी तांदूळ निवडत होती. तिने सूप झटकलं. "तुमची पँट कशानं भिजते?"

"दवानं."

"मग झालं तर."

तिच्या बोटांत खडा होता आणि ती तो टाकत नव्हती. सुदामला वाटलं, आता ही बोलेल. ही बोलली तर मीही बोलेन. बुधीने मान वर केली, तिचे ओठ उघडले. त्याच वेळी रस्त्यावरून सोनीबाई गेली, पलीकडच्या घरातली म्हातारी, आणि दोघंही आपापल्या कामाला वाकली. जणू कोणी त्यांना नको त्या अवस्थेत पाहिलं होतं.

संध्याकाळी बैलांना पाण्यावर नेताना त्याने पाड्याच्या मागच्या बाजूने वाट धरली. इकडून कोणी जात नाही. लाहूच्या कुडावर मागे लांब पँट वाळत होती. सोनीबाईच्या कुडावर लुगडं. त्यापुढच्या घरामागे, त्याच्याही पुढच्या. सगळ्या ओल्या कपड्यांची तोंडं पाणथळीकडे. पुढच्या अंगणांत कुठेही काही वाळत नव्हतं.

त्याने मान खाली घातली आणि बैलांना हाकललं. दुसऱ्याच्या मागच्या दारात पाहणं बरं नाही.

६

वाघबारशीला सुकी आली. सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळपासून स्वच्छ ऊन. एका पिशवीत पाड्यातल्या पोरांसाठी रंगीत फुगे, दुसऱ्या पिशवीत गायीसाठी गूळ. ती थेट गोठ्यात गेली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा गूळ हातातच होता.

"दादा, हिची हाडं मोजता येतात. गळ्याला काय लोंबतंय ते?"

"औषध चालू हाय. दक्षाबाय येऊन गेली."

"तुझे बैल तर चांगले गुटगुटीत हाईत." ती त्याच्याकडे पाहत होती. "एकाच ढिगातलं खातात ना?"

"एकाच."

सुकीने डोळे पुसले आणि स्वतःवरच चिडून हसली. "बघ कशी मी. भावावर शक घेते. कारखान्यातल्या बायका सांगतात ना, अर्धेलीनं देऊ नको, देऊ नको. त्यांना म्हटलं, माझा दादा तसला नाय." तिने पदर खोचला. "इळा दे. आज वाघबारस झाली, आता पाणथळीचं चालतं. माझ्या हातानं घालते तिला. आई म्हणायची, लई गोड असतं."

"राहू दे. मी आणतो."

"तू बस. गुडघा बघ तुझा."

ती बांधावरून उतरू लागली. सुदाम मागे गेला. दुपारचं ऊन पाण्यावर चकाकत होतं. काठाशी सुकी थांबली.

"दादा, इथं कोणी आधीच कापलंय. बुंधे दिसतात की."

"गुरं शिरली असतील."

"गुरं इळ्यानं कापतात होय? शाळा शिकली वाटतं तुमच्या पाड्याची गुरं!" ती खळखळून हसली आणि तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. तिच्या पोटऱ्या स्वच्छ होत्या. एकही पुटकुळी नव्हती.

एकच शब्द पुरला असता. उतरू नको. मग तिने का विचारलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं: गवत, गाय, माळावरचं म्हणून तीनदा सांगितलेलं खोटं, पाण्यात उभं राहणं. त्याने तोंड उघडलं. मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं. बांधावर लाहू उभा होता, नुसता, विडी हातात विझलेली. वर घराच्या मागच्या दारात बुधी होती. सोनीबाई कुडाला धरून होती. सगळे सुकीच्या पायांकडे पाहत होते. सुदामची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि लाहूने आधी मान खाली घातली.

मग सगळ्यांनीच घातली.

पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. "आई गं, कसं गार वाटतं!" सुकी म्हणाली.

७

सुकीची बस रविवारी होती. ती गेली नाही. गायीला जरा बरं वाटू दे, म्हणाली, सोमवारी जाते. सोमवारी सकाळी ती ओट्यावर बसून पोटरी खाजवत होती. सुदाम आला तशी तिने साडी खाली केली.

मंगळवारी सुदामने ठरवलं की आज जागं राहून जायचं. पाय नेतील तसं नाही, स्वतःहून. उजाडलं तेव्हा तो अंथरुणात बसूनच होता. बुधी उठली, त्याच्याकडे न पाहता मागच्या दाराने गेली. त्याने तोंडावर पाणी मारलं, स्वतःच्या मांडीला चिमटा घेतला, आणि निघाला. प्रत्येक पाऊल तो मोजून मापून टाकत होता. हा मी टाकला. हा मी.

बांधावरून त्याला पाणथळ दिसली.

पाडा तिथे होता. लाहू, सोनीबाई, पलीकडच्या घरातली माणसं, लेकुरवाळ्या बायका. पोटरीइतक्या पाण्यात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. सगळ्यांची तोंडं डोंगरावर येणाऱ्या सूर्याकडे आणि सगळ्यांच्या नजरा खाली. ओढ्यावर बायका आंघोळ करत असल्या की वाटेने जाणारा माणूस तोंड फिरवतो, तसं प्रत्येकाने इतरांपासून तोंड फिरवलेलं होतं. मधूनच कोणीतरी वाके, पाण्याखाली हात घालून मूठभर गवत कापी, बांधावर टाकी आणि पुन्हा सरळ उभं राही. बांधावर सगळ्यांचा मिळून एक ढीग झाला होता.

प्रत्येकाच्या पायांभोवती पाणी पांढरं होतं.

बुधी काठाजवळ होती. तिने साडी वर धरली होती. ऊन तिच्या पोटरीवर पडलं आणि कातडी एकदा आतून हलली. पाठीवर माशी बसली की बैल कातडी थरथरवतो तशी. मग काहीतरी सुटलं. सुदामने जेवढं पाहिलं ते एवढंच, कारण त्याने लगेच नजर खाली घेतली. बघू नये असं काहीतरी आपण बघतोय, एवढं त्याला कळलं.

बुधीच्या शेजारी एक जागा रिकामी होती. तिथलं गवत दोन पावलांच्या आकारात दबलेलं होतं. आणि त्या जागेच्या आणि बुधीच्या मधे सगळ्यांनी थोडं थोडं सरकून अजून एक जागा केली होती. तिथलं गवत अजून ताठ होतं.

मागून पावलं वाजली. सुकी बांधावरून येत होती, साडी हातात धरून. ती झोपेत नव्हती. तिने भावाकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, पाण्यातल्या बुधीकडे पाहिलं. तिला सगळं कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. गवताचंसुद्धा. आता ही ओरडेल, सुदामला वाटलं. शिव्या घालेल, माझी कॉलर धरेल, मला इथून ओढून नेईल. तो वाट पाहत उभा राहिला. तिने ओरडावं असं त्याला इतकं वाटलं, जितकं जन्मात कधी काही वाटलं नव्हतं.

सुकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने मान वळवली, जशी परक्या पुरुषासमोर वळवतात, आणि त्याला वाट दिली.

सुदाम उतरला. पाय आपणहून जागेवर बसले.

८

गाय गुरुवारी, २३ ऑक्टोबरला दुपारी मेली. दक्षाने पोट उघडून पाहिलं. काळजात पानासारखे चपटे किडे होते. वासरू मेलेलं होतं, पाडी होती. पाणथळीचं गवत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापून संपलं. वाळवून गठ्ठे बांधले, एका ट्रकमध्ये मावले, ट्रक डहाणूच्या तबेल्यांकडे गेला. सुकीने मसोलीची खोली सोडली. तिची जागा सुदाम आणि बुधीच्या मधे आहे.